खोट्या खोक्यातल्या खऱ्या गोळ्या

लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत, फेरीबोटीत, कुठेही मी औषधवाली आहे हे कळलं की लोक एकच विचारतात: औषध खरं की खोटं, हे ओळखायचं कसं? उत्तर सुरुवातीलाच देऊन टाकते, म्हणजे ज्यांना तेवढंच हवं आहे त्यांनी राशिभविष्याच्या पानाकडे वळायला हरकत नाही. नुसतं बघून ओळखता येत नाही. तुम्हाला नाही, आणि बहुतेक वेळा मलाही नाही. खोटं औषध बनवणाऱ्याचा सगळा खर्च दिसण्यावरच झालेला असतो. आत काही घालायचं नसलं की बाहेरच्या सजावटीला हात सैल सोडता येतो.

दिघीच्या जेट्टीकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं दुकान आहे. फार्मसी शिकून, लग्न होऊन इथे आले तेव्हा तिथे सासऱ्यांचं किराणा दुकान होतं. त्याच्या एका कोपऱ्यात मी औषधांचं कपाट मांडलं आणि काही वर्षांत किराणा कोपऱ्यात गेला. आता भाची फार्मसी शिकून आली आहे. पुढच्या वर्षी काउंटर तिच्या ताब्यात देणार आहे. तिला काय काय सांगायला हवं याची यादी करायला बसले. याद्या करणं हा माझा स्वभाव आहे आणि त्यावरून घरात पुरेसे विनोद होऊन गेलेले आहेत. फ्रिजचं तापमान, मुदत संपलेला माल, उधारीवर झोपेच्या गोळ्या मागणारे, असं सगळं भराभर लिहून झालं. एका मुद्द्याशी मात्र यादी अडली. तो एका ओळीत मावेना. म्हणून हा लेख.

आधी धंद्यातलं थोडं सांगते. खोटी औषधं चार तऱ्हेची असतात. काहींत औषधच नसतं. काहींत असतं, पण कमी. काहींत भलतंच असतं. आणि काही एके काळी खरी होती, पण मुदत संपल्यावर त्यांना नवी तारीख मिळालेली असते. लोकांना पहिली तऱ्हा सगळ्यांत भयंकर वाटते. मला दुसरी वाटते. ज्या गोळीत काहीच नाही तिचा संशय कधी ना कधी येतो. जिच्यात थोडं असतं ती थोडी लागू पडते, माणूस म्हणतो, बरं वाटतंय, आणि आजार आत निवांत वाढत राहतो.

हा माल आमच्यासारख्या छोट्या दुकानात दोन वाटांनी शिरू पाहतो. पहिली वाट मोटरसायकलवरून येते. इस्त्रीचा शर्ट घातलेला, आपल्या आडनावाची नीट चौकशी करणारा एक गृहस्थ येतो आणि नामांकित गोळ्या फार स्वस्तात देऊ करतो. बिल मागितलं की तो म्हणतो, बिल मागाहून. अशांना मी पाणी देते आणि गाडी कुठल्या दिशेला वळली हे बघून औषध निरीक्षकांना फोन करते. एकाने मला सुनावलं होतं, "मॅडम, तुम्ही इतका संशय घेता, तुमचा धंदा कसा चालतो?" मी म्हटलं, त्यावरच चालतो.

दुसरी वाट उलट दिशेने जाते. महागड्या इंजेक्शनांच्या रिकाम्या बाटल्या आणि न फाटलेली खोकी यांना भंगारात काचेच्या आणि पुठ्ठ्याच्या भावापेक्षा बरा भाव मिळू लागला, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बाटली खरी, खोकं खरं, मग आत पाणी भरलं तरी कोण बघतो. तेव्हापासून रिकामं खोकं दुकानाबाहेर जाताना मी ते आधी फाडते. गिऱ्हाइकांना ते आवडत नाही. मांडव्याला बोटीने उतरून शनिवार-रविवारी इकडे येणारे एक सद्गृहस्थ होते. एवढं छान खोकं फाडलं म्हणून त्यांनी माझ्याबद्दल इंटरनेटवर एक तारा दिला. दिघीतल्या औषधाच्या दुकानाला तारे देणारं दुसरं कुणी नसल्यामुळे अजून माझी सरासरी तेवढीच आहे.

या दोन्ही वाटा मी बंद ठेवल्या होत्या. तिसरी वाट विमानाने येते, हे माझ्या लक्षात यायला उशीर झाला. तिच्यावर कुणी परका माणूस नसतो.

इब्राहिमभाई हे आमच्याकडचे जुने लाँच मेकॅनिक. खाडीतल्या बहुतेक इंजिनांना त्यांचा हात लागलेला. त्यांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या तेव्हा बायकोने, मरियमभाभींनी, आपली एक दिली. मुंबईत ऑपरेशन झालं, नीट झालं. अशा माणसाला जन्मभर काही कॅप्सूल घ्याव्या लागतात. शरीराला ती किडनी परकी वाटते, ते तिच्यावर उठतं. कॅप्सूल त्याला दाबून ठेवतात. एखाद-दुसरी चुकली तर चालत नाही. वेळही पुढेमागे झालेली चालत नाही. इब्राहिमभाईंना हे सांगायची गरज नव्हती. इंजिनाला तेल वेळेवर घालण्यात ज्याचा जन्म गेला तो मोबाईलच्या गजरावर कॅप्सूल घेत होता.

या कॅप्सूल ते दर महिन्याला माझ्याकडून नेत. मग येईनासे झाले. मी समजले, मुंबईच्या हॉस्पिटलातून घेत असतील. तिथे काही महिन्यांची औषधं एकदम मिळतात, बरेच जण तसं करतात.

एके दिवशी मरियमभाभी पायाच्या सुजेवर चोळायला मलम मागायला आल्या. कुणाच्या पायाला, विचारलं तर म्हणाल्या, ह्यांच्या. किडनीच्या माणसाचे पाय सुजणं ही मलमाची गोष्ट नव्हे. मी विचारलं, कॅप्सूल चालू आहेत ना? त्या म्हणाल्या, चालू म्हणजे काय, आता तर नासिर पाठवतो. नासिर त्यांचा एकुलता एक मुलगा, दुबईत गोदामात कामाला. इकडच्या मालाचा भरवसा नाय, असं त्याला तिकडे सगळ्यांनी सांगितलं म्हणे, म्हणून तो बापासाठी तिकडूनच अस्सल युरोपचा माल घेऊन येणाऱ्या-जाणाऱ्यांबरोबर पाठवत होता. हे भाभींनी मला माझ्याच काउंटरवर, मनात काहीही न ठेवता सांगितलं. मी फक्त म्हटलं, खोकं बघायला आणाल का?

त्यांनी दोन आणली. एक चालू, एक रिकामं. नासिरकडून आलेलं काहीही त्यांच्या घरात टाकलं जात नसे. अत्तराच्या बाटल्या, बिस्किटांचे पत्र्याचे डबे, साबणांची वेष्टनंसुद्धा काचेच्या कपाटात उभी असत. ही सवय नसती तर मला काहीच कळलं नसतं, कारण एकेकटं बघितलं तर दोन्ही खोकी निर्दोष होती. शेजारी ठेवल्यावर दिसलं की दोन्हींवर बॅच नंबर एकच आहे आणि मुदतीच्या तारखा वेगळ्या आहेत.

हे जरा सोपं करून सांगते. बॅच म्हणजे कारखान्यातला एक घाणा. एकाच वेळी शिजलेला भात जसा दोन वेगळ्या दिवशी विटत नाही, तशी एका बॅचची मुदत दोन तारखांना संपत नाही. मग मी आतला माहितीचा कागद उलगडला. त्याच्या घड्या किंचित तिरक्या होत्या. कारखान्यात घड्या यंत्र घालतं आणि यंत्राला तिरकं घालता येत नाही. कुठल्या तरी खोलीत बसून कुणीतरी त्या हाताने घातल्या होत्या.

मी भाभींना सांगितलं, या कॅप्सूल आत्तापासून बंद, आणि डॉक्टरांना फोन लावा.

भाभींनी दोन्ही खोकी आपल्याकडे ओढून घेतली. मग म्हणाल्या, "ताई, तुमी म्हणता नासिरने बापाला खोटी गोळी पाठवली?"

"नासिरला कुणीतरी खोटी गोळी विकली."

"ते तेच झालं."

ते तेच नव्हतं, पण वाद घालायला वेळ नव्हता. डॉक्टरांना मीच फोन केला आणि त्यातून एक गोष्ट पुढे आली. मागच्या तपासणीत रक्तात औषधाचं प्रमाण फारच कमी आढळलं होतं. डॉक्टरांनी विचारलं होतं, वेळेवर घेता ना? इब्राहिमभाईंना राग आला होता. गजर लावून घेतो, म्हणाले. खरंच घेत होते. मग डॉक्टरांनी डोस वाढवला. नासिरला कळवलं, त्याने जास्त पाठवल्या. सगळे आपापल्या जागी बरोबर होते. कॅप्सूल कुठल्या, एवढं विचारायचं राहून गेलं.

डॉक्टरांनी लगेच बोलावलं. वाढवलेला डोस खोट्या कॅप्सूलचा होता. तोच आकडा खऱ्या कॅप्सूलला लावला असता तर त्याचाही अपाय झाला असता, म्हणून सगळं मोजून पहिल्यापासून सुरू करावं लागलं. रस्त्याचे धक्के कमी बसावेत म्हणून इब्राहिमभाईंना फेरीने आगरदांड्याला, तिथून गाडीने मांडव्याला आणि मांडव्याहून बोटीने मुंबईला नेलं. बरेच दिवस तिथे ठेवलं. किडनी वाचली. पूर्वीसारखी राहिली नाही, पण वाचली.

परत आल्यावर मरियमभाभी दुपारच्या सामसुमीत दुकानात आल्या आणि आत येऊन स्टुलावर बसल्या. त्यांनी डॉक्टरांनाही बाजूला घेऊन सांगितलं होतं, तेच मला सांगितलं. इब्राहिमभाईंना कळता कामा नये. नासिरला तर मुळीच नाही. त्यांना एवढंच माहीत आहे की डोस बदलला.

मी म्हटलं, हे लपवण्यासारखं नाही.

"माझी किडनी हाय ती, ताई," त्या म्हणाल्या. "त्यांच्या पोटात हाय म्हणून त्यांची झाली नाय. ती कशाने जात होती ते कुणाला सांगायचं ते मी ठरवीन. पोरगा तिकडे एका खोलीत आठ जणांबरोबर राहतो. त्याला हे कळलं तर तो काय करून घेईल, ते तुमी निस्तरणार?"

मी औषधवाली आहे. रुग्णाची गोष्ट रुग्णाच्या घराबाहेर न्यायची नाही, हे मला पहिल्या वर्षी शिकवलं आहे. मी एकच अट घातली: नासिरला पुन्हा काही पाठवू नकोस म्हणून सांगायचं. भाभी हो म्हणाल्या.

खोकी मी औषध निरीक्षकांकडे दिली, घराचं नाव न सांगता. ते स्वतः आले, चहा घेतला, नमुना प्रयोगशाळेत पाठवला. माल इथे विकला गेलेला नाही, बिल नाही, विकणारा आपल्या देशात नाही. तेव्हा पकडायचं कुणाला, असं ते म्हणाले आणि ते बरोबरच होतं. मग त्यांनी माझ्या पाठकोऱ्या कागदावर जगाचा एक ओबडधोबड नकाशा काढून हा व्यापार समजावला. भुकटी एका देशात तयार होते. कॅप्सूल दुसऱ्या देशात भरतात. चांदीचा कागद तिसरीकडे छापतात, कारण तिथे छपाई चांगली होते. मग माल अशा एखाद्या बंदरात येतो जिथे तो देशात शिरल्याशिवाय गोदामात राहू शकतो. तिथे त्याला नवं नाव, नवं गाव आणि नवी तारीख मिळते. तिथून तो दहा हातांतून फिरतो. त्यातल्या नऊ जणांना आपण खरं औषध विकतोय असंच वाटत असतं. इतक्या देशांतल्या लोकांनी भाषेचा, धर्माचा, वेळेचा अडसर न मानता मिळून केलेलं दुसरं काम माझ्या पाहण्यात नाही. प्रयोगशाळेचा अहवाल पुढे आला: मक्याचं पीठ, थोडं तापावरचं साधं औषध, आणि मूळ औषध नावापुरतं.

भाभी आता दर महिन्याला कॅप्सूल माझ्याकडून नेऊ लागल्या. एकदा म्हणाल्या, "ताई, त्या पट्ट्या जरा कडेने कापून द्या. खोक्यात बसत नाय."

मी कात्री खाली ठेवली. कुठल्या खोक्यात, असं विचारलं.

नासिरला त्यांनी काहीच सांगितलं नव्हतं. कारण काय सांगणार? अब्बांना लागू पडत नाहीत म्हटलं तर तो दुसऱ्या पाठवणार. पार्सलं येतच होती. भाभी त्यातल्या कॅप्सूल काढून बाजूला ठेवत, खोक्यात माझ्या दुकानातल्या पट्ट्या भरत आणि ते खोकं पूर्वीसारखं खिडकीत ठेवत. इब्राहिमभाईंची नजर आता अधू होती. कॅप्सूल सोलून हातावर ठेवायचं काम भाभींचंच. नासिरने व्हिडिओ कॉल केला की त्याला खिडकीत आपलं खोकं दिसे. बापाला दिसे. सगळ्यांना बरं वाटे.

खऱ्या खोक्यात खोटा माल भरणाऱ्यांच्या मागे जगभरची सरकारं लागलेली आहेत. खोट्या खोक्यात खरा माल भरणारं माणूस मी तेवढं एकच पाहिलं. त्याला कुठलं कलम लागतं ते मला अजून माहीत नाही. मी पट्ट्या कापून दिल्या नाहीत. त्या घरी जाऊन त्यांनी स्वतः कापल्या असणार.

आणि इब्राहिमभाई सुधारले. सूज उतरली, तोंडाला चव आली, संध्याकाळी जेट्टीवर येऊन बसायला लागले. कुणी विचारलं तर खिशातून एक रिकामं खोकं काढून दाखवत. पोराने उठवलं बापाला, म्हणत. हे ऐकून मला आधी गंमत वाटली. मग सुगंधा आली आणि गंमत संपली.

सुगंधा आतल्या एका भातशेतीच्या गावची. भाजी घेऊन दिघीत येते, मरियमभाभींच्या दारातही जाते. तिच्या मुलीला फिट येतात. गेली काही वर्षं त्या थांबल्या आहेत, कारण सुगंधा एकही गोळी चुकू देत नाही. त्या दिवशी मी नेहमीप्रमाणे गोळ्या काढून ठेवल्या तर ती म्हणाली, या खेपेला नकोत.

"का गं?"

"नासिर येतोय नं सुट्टीवर. त्याला सांगितलंय. इब्राहिमचाचा कसा खडखडीत झाला, तुमी बगितलं न्हाय व्हय? घरात चार दिवसांच्या हायेत, तंवर तो येल."

मी विचारलं, आणखी कुणी सांगितलं आहे का? तिने नावं घेतली. एक जण हृदयाच्या गोळ्यांसाठी, एक सांधेदुखीसाठी, आणि जेट्टीवरच्या एका म्हाताऱ्याने तर आजार कुठला हेच सांगितलं नव्हतं, नुसतं म्हणाला होता, इब्राहिमला दिलंस ते मलाही आण.

सुगंधाला मी गोळ्या घ्यायला लावल्या. नासिरच्या आल्या तर माझ्या परत कर म्हटलं, तेव्हा कुठे तिने घेतल्या. दुकान भाचीवर सोडून मी तशीच मरियमभाभींकडे गेले.

त्या तांदूळ निवडत होत्या. मी सगळं सांगितलं. तुम्ही लपवलंत ते नासिरला दुखू नये म्हणून. आता त्यामुळेच तो दुसऱ्यांच्या घरी खोटी औषधं नेऊन देणार आहे. फिट येणाऱ्या मुलीच्या गोळीत पीठ निघालं तर काय होतं तेही सांगितलं. भाभींचे हात थांबले नाहीत.

"फोनवर सांगा त्याला," मी म्हटलं. "आणायच्याच नाहीत."

"फोनवर नाय सांगायची मी. त्याचं तोंड बघितल्याशिवाय नाय."

"मग बॅग उघडायच्या आधी सांगा. नाहीतर मी सांगेन."

"तुमी नका सांगू," त्या म्हणाल्या. एवढंच.

आखातातून माणूस घरी आला की बॅग उघडण्याची आमच्याकडे एक रीत आहे. बॅग एकट्याने उघडायची नाही. घरचे, शेजारचे, ज्यांनी काही मागवलंय ते सगळे चटईवर बसतात आणि बॅगेतून निघेल ती वस्तू नाव घेऊन हातात दिली जाते. हातात दिलेलं परत करत नाहीत. साबण असो, घड्याळ असो, नको म्हटलं तर ते आणणाऱ्याला झिडकारल्यासारखं होतं. नासिर आला त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मलाही बोलावणं होतं. मी दाराजवळ बसले.

खजूर निघाले, चॉकलेटं निघाली. माझ्यासाठी बामची बाटली होती, जी मी माझ्या दुकानात विकते. भाभी नासिरच्या बाजूला बसून वस्तू पुढे देत होत्या आणि माझ्याकडे बघत नव्हत्या. इब्राहिमभाई खुर्चीत होते, कुणाला काय मिळालं ते मोठ्याने सांगत होते. मी मनात माझी वाक्यं जुळवत होते. मग नासिरने एक कापडी पिशवी काढली. तिच्यात औषधांची खोकी होती, प्रत्येकावर त्याने चिकटपट्टी लावून नाव लिहिलं होतं. त्याने पहिलं काढलं आणि हाक मारली, "सुगंधामावशी."

सुगंधाने दोन्ही हात पुढे केले. खोकं तिच्या हातात पडायच्या आधी भाभींनी ते घेतलं आणि आपल्या मांडीवर ठेवलं.

"नको घेऊ," त्या म्हणाल्या.

नासिर हसला. त्याला वाटलं, आई थट्टा करतेय. भाभी उठल्या, खिडकीतलं खोकं आणलं आणि सगळ्यांसमोर चटईवर उपडं केलं. आतून कडा कापलेल्या पट्ट्या पडल्या.

"हे खोकं नासिरचं. गोळी ताईंच्या दुकानातली. नासिरच्या गोळीत पीठ होतं. त्याच्यानेच ह्यांना मुंबईला न्यावं लागलं." मग त्या नासिरकडे वळल्या. "तुला कुणीतरी फसवलं. तुला मी सांगितलं नाय, तो माझा गुनाह. तुझा काय नाय."

बाहेर फेरीचा भोंगा झाला. नासिर माझ्याकडे वळला आणि विचारलं, "काकी, खरं?"

मी हो म्हटलं.

तो चटईवरच्या पट्ट्या गोळा करायला लागला. बोलले ते इब्राहिमभाई. म्हणाले, "आणि मी जेट्टीवर सगळ्यांना दाखवत फिरलो." आणि पुढे म्हणाले, "म्हणजे आता सगळ्यांना परत जाऊन सांगायला लागेल." दुसऱ्या संध्याकाळी ते खरोखरच जाऊन बसले, आणि जो येईल त्याला, न विचारता, सांगत राहिले.

नासिरने पिशवीतलं काही कुणाला दिलं नाही. येणाऱ्या-जाणाऱ्यांबरोबर त्याने आणखी काही जणांना आधीच गोळ्या पाठवल्या होत्या, हे तेव्हा कळलं; त्यांच्या घरी तो स्वतः गेला. पिशवी धरायला मी बरोबर होते. प्रत्येक दारात त्याने उभं राहून तेच वाक्य म्हटलं: मी दिलेली गोळी खोटी निघाली, परत द्या. लोकांनी दिल्या. सांधेदुखीवाले तेवढे ऐकेनात. मला या लागू पडल्या, म्हणाले, खोट्या असतील तर असू दे. त्यांच्याकडून खोकं काढून घ्यायला सगळ्यांत जास्त वेळ गेला.

सुगंधा दोन दिवसांनी दुकानात आली. तिने माझ्या गोळ्या परत केल्या नाहीत हे उघडच होतं. पैसे ठेवले आणि म्हणाली, "तुमाला म्हाईत होतं नं, ताई? मी हितं हुबी ऱ्हाऊन सांगत हुते तवा?"

"हो."

"आन् तुमी नुसत्या गोळ्या पुढं केल्या." ती गेली. तिला द्यायचं उत्तर मी अजून शोधते आहे. नियम माझ्या बाजूने होता, एवढंच सापडलं आहे, आणि ते तिला सांगण्यासारखं नाही. भाचीसाठीची यादी अडली ती इथेच.

नासिर सुट्टी संपवून परत गेला. काही दिवसांनी त्याचा मला फोन आला. तो विकणाऱ्याकडे गेला होता. हा माणूसही आपल्याच भागातला, खाडीपलीकडचा, आगरदांड्याचा. दुबईत एका मोबाईलच्या दुकानात मागच्या बाजूला बसून तो गाववाल्यांना औषधं देत असे. नासिर भांडायच्या तयारीने गेला होता. त्या माणसाने आधी नाकारलं, मग चिडला, मग नासिरने त्याला अहवालाचा फोटो दाखवला. मी तो पाठवून ठेवला होता. तो बघून तो माणूस खाली बसला.

"काकी, त्याच्या आईला हार्टचा त्रास हाय," नासिर म्हणाला. "तोही तिला हेच पाठवतो. वर्षभर झालं. तो म्हणतो, फोन केला तर ती घाबरेल. कुणी जाऊ शकेल का, विचारतो."

मी घराचा पत्ता लिहून घेतला. सकाळी दुकान भाचीला उघडायला सांगून फेरीने आगरदांड्याला उतरले. घर सापडायला त्रास झाला नाही. दार म्हातारीनेच उघडलं. मी दिघीची, तुमच्या मुलाच्या ओळखीतली, एवढं सांगितलं तेवढ्यावर तिने मला आत घेतलं, पाणी दिलं, चहा ठेवते म्हणाली. जिना नसलेल्या घरात चार पावलं टाकून ती धापा टाकत होती. तिने मुलाची खुशाली विचारली आणि मी उत्तर द्यायच्या आधीच आतून एक खोकं घेऊन आली. मरियमभाभींसारखंच खोकी जपून ठेवणारं हे घर होतं. कोपरासुद्धा दबलेला नव्हता.

"पोराने पाठवलंय," ती म्हणाली. "तुमच्याकडे कुणाला लागतं का? माझ्याकडे जास्तीचं हाय."

मी म्हटलं, चहा राहू दे, आधी माझ्याजवळ येऊन बसा.